तळव्यानं कळणारी गाडी

३ जानेवारी १९७९, बुधवार. रोहणा मुक्काम

आर्वीच्या बियाण्याच्या दुकानदारानं ही डायरी फुकटात देल्ली. जयवंता म्हणे, "मले द्या, धोब्याचे कपडे लिहीन." म्या म्हटलं, मालकाच्या नावानं आलेली वस्तू मालकच वापरीन. बायको हासली. सव्वीस वर्षं संसार केला, पण आपण मालक आहो हे म्हटलं की तिले अजून हासू येते.

तर मालक म्हणजे मी, रूपराव ढोले, एस.टी.चा ड्रायवर, आर्वी डेपो. एक दिवसाआड संध्याकाळी गाडी घेऊन रोहण्याले येतो. गाडी रात्री इथीच राहते. मी अन् कंडक्टर हरिदास मडावी शकुबाईच्या घरी जेवतो, गाडीतच झोपतो, अन् सकाळच्या फेरीले शाळेची पोट्टी, दूधवाले, दवाखान्याचे म्हातारे अशी सारी वरात घेऊन वापस आर्वी. मधल्या टाइमात पुलगाव, नाचणगाव. हरिदास माह्यासंगं केव्हापासून आहे ते आठवत नाई. मले वाटते तो घंटीची दोरी हातात धरूनच जन्मला.

माही एक सवय साऱ्या डेपोले माहीत आहे. सीटवर बसलो की चप्पल काढतो. गाडी अनवाणीच चालवतो. बूट घालून गाडी चालवणं म्हणजे हातमोजे घालून भाकर थापणं. क्लच कुठी धरते, ब्रेक कुठी लागते, इंजिनाच्या पोटात दुखून राह्यलं का, सारं तळव्याले कळते. आमचा बंडूजी मेकॅनिक कानानं गाडी तपासते, मी पायानं. नव्या ड्रायवराईले मी सांगतो, डोळे रस्त्यावर ठेवा, हात स्टेरिंगवर ठेवा, पण अक्कल पायात ठेवा.

बाकी मले साखर आहे. बारा वर्षं झाले. गोळी घेतो, आठवली तर. अन् दोन वर्षांपासून तळपायाची आग. लोकाईची राग आल्यावर मस्तकात जाते, माही काही कारण नसताना रोज रात्री जाते. ओलं पोतं पायाखाली घेऊन झोपतो. हरिदास म्हणते, "उस्ताद, तुमच्या पायावर पापड भाजून घेऊ का?"

भाज लेका, तुह्यासाठी एक, माह्यासाठी एक.

१० जानेवारी, बुधवार. घरी

आग गेली!

डॉक्टरनं दोन वर्षं जे केलं नाई ते शकुबाईनं केलं. तिनं जांभळाच्या बिया वाळवून, कुटून चूर्ण देल्लं होतं, वरून कारल्याचा रस. रसानं तोंड असं कडू झालं का हरिदासले शिवी देल्ली तरी ती कडूच निघे. पण काम झालं. हळूहळू कमी होत होती म्हणा, पण काल रात्री पोतं भिजवलंच नाई अन् सकाळपर्यंत मेल्यावानी झोपलो. पाय थंड, शांत. जणू पाय नाईतच.

जयवंताले म्हटलं, नारळ आण. ती म्हणे, "आधी लघवी तपासा." तिचं सारं असंच. मंग तिनं साखर तपासायची ती निळी दवाई नळीत घेतली, थेंब टाकले, स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं. निळं राह्यलं तर चांगलं, विटकरी झालं तर वाईट. आमचं पिवळं झालं. जयवंताचं तोंडही पिवळं झालं. म्या म्हटलं, अवो बाई, पाय बोलून राह्यले ना का आम्ही बरे आहो म्हणून. पायावर इस्वास ठेव.

नारळ फोडलाच. खोबऱ्यात काही साखर नसते.

१५ जानेवारी, सोमवार. रोहणा

काल संक्रांत झाली. ज्याच्या घरी जा तो तीळगूळ हातावर ठेवते अन् म्हणते गोड बोला. म्या म्हटलं, बोलतो राजेहो, पण खाऊ देत नाई माही बायको. दोन खाल्ले. तीन. डायरीत खोटं कायले लिहू.

पण आज मोठी चोरी झाली. सकाळी आर्वीच्या स्टँडवर उतरलो, कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेलो, चहा घेतला, अन् खाली पाहतो तर उजव्या पायात चप्पलच नाई! डाव्या पायात आहे, उजव्यात नाई. म्हणजे माणूस उभा असताना त्याच्या पायातली चप्पल चोरली. असा कारागीर चोर वर्धा जिल्ह्यात झाला नसन. म्या चहावाल्याले पकडलं, तो मले म्हणते, "साहेब, एक चप्पल घेऊन मी का लंगडीचा खेळ खेळू?"

तेवढ्यात हरिदास चप्पल घेऊन आला. म्हणे गाडीच्या पायरीपाशी पडली होती. म्या म्हटलं, तूच लपवली. नेहमी उलटून बोलते, आज काही बोलला नाई. मले वाटलं पकडल्या गेला म्हणून चूप आहे.

२० जानेवारी, शनिवार. घरी

बंडूजीसंगं भांडण. आपल्या गाडीचा क्लच गेला. गेला म्हणजे असा, का कुठी धरते ते पताच लागत नाई. पहिले असं नव्हतं. पाय ठेवला का पेडल म्हणे, "आली बाप्पा माही जागा." आता काही म्हणतच नाई. आज पुलगावच्या फाटकापाशी गाडी तीनदा बंद पडली, अन् मागून एक ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन म्हातारा झाला.

बंडूजी खाली घुसला, अर्धा घंटा ठोकलं, बाहेर आला अन् म्हणे, "रूपरावजी, क्लच नवा कोरा आहे. मागच्या महिन्यात म्याच टाकला."

"मंग पेडल असं मेल्यावानी काऊन लागते?"

"मले तर जितं लागते."

त्यानं सोता चालवून दाखवली. डेपोले गोल चक्कर मारला, गाडी लोण्यावानी चालली. म्या म्हटलं, तुह्या पायात बूट आहे, तुले काय समजते. आता दोघंही बोलून नाई राह्यलो. त्याच्या पोराच्या मुंजीले— अरे त्याच्यात मुंज नसते. लग्नाले जाणार नाई, बस.

२७ जानेवारी, शनिवार. रोहणा

चप्पल आतापर्यंत चारदा गेली अन् चारही वेळा हरिदासलेच सापडली. आता संशय कोणावर घ्यायचा ते शेंबड्या पोरालेही कळते. आज त्याले स्पष्ट विचारलं. तर पठ्ठ्यानं खिशातून नाडी काढली अन् खाली बसून माही चप्पल मागून टाचेले बांधून देल्ली. लहान पोट्ट्याची बांधतात तशी. म्या म्हटलं, हे काय बे? म्हणे, "तुमची चप्पल सैल झाली उस्ताद."

चप्पल सैल कशी होईन? पाय बारीक झाले असन. कारल्याचा रस.

३१ जानेवारी, बुधवार. रोहणा

थंडी म्हणजे काय थंडी! गाडी लावली, जेवलो, अन् शकुबाईच्या अंगणात शेकोटीपाशी बसलो. तुराट्याचा जाळ. गावातले पाच-सात लोकं होते. मी गोष्टी सांगून राह्यलो, पाय पसरून. पाय हल्ली बर्फावानी थंड राहतात, म्हणून जवळच ठेवले होते. पुलगावच्या बाजारात बकरी माह्या सीटखाली कशी घुसली ते सांगतच होतो, तर हरिदास असा उडाला का काय सांगू. माह्या दोन्ही टांगा धरून मले मागं ओढलं. मी उताणा. सारे हासले.

पाहतो तर उजव्या टाचेपाशी कातडं पांढरं होऊन वर आलं, अन् चपलेचा रबर वितळून अंगठ्याले चिकटला. वास म्हणे सगळ्याईले येऊन राह्यला होता, लोकाईले वाटलं कोणीतरी जाळात टायरचा तुकडा टाकला.

अन् खरी गंमत सांगू? दुखलंच नाई. काहीच नाई. शकुबाई तर हातच जोडून बसली, म्हणे, "रूपराव, तुमच्यावर देवाची कृपा आहे." मले बी तसंच वाटलं. इस्तव लागला अन् माणूस गोष्ट सांगून राह्यला, म्हणजे काहीतरी असनच ना.

हरिदास मात्र हासला नाई. गाडीतल्या पेटीतला मलम लावत बसला. म्या म्हटलं, लेका, दुखत नाई तर तोंड काऊन पाडलं? म्हणे, "म्हणूनच."

३ फेब्रुवारी, शनिवार. घरी

जयवंतानं टाच पाहिली अन् रडली. मंग मले वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे ओढत. बाई पदर खोचून पुढं, मी नाडी बांधलेली चप्पल घालून मागं.

डॉक्टरीण आमच्या सुमनपेक्षाही लहान असन. सुमन म्हणजे माही पोरगी, यवतमाळले देल्ली. ह्या बाईनं जखम धुतली, पट्टी केली, मंग म्हणे, "काका, डोळे मिटा. मी पायाला कापूस लावते. लागला की 'हो' म्हणा."

कापूस! आर्वीच्या माणसाले कापूस! म्या म्हटलं, बाई, आमचा जन्म कापसात गेला. डोळे मिटले. बसलो. काही नाई. बसलो. काही नाई. मले वाटलं ती अजून कापूस शोधून राह्यली. मंग एक डोळा जरासा उघडला, तर तिचा हात पायापाशी हलताना दिसला. म्या म्हटलं, "हो!" मंग हात हलला का "हो" म्हणत गेलो. पास होऊन राह्यलो होतो मजेत. मंग तिनं हात नुसताच हलवला, कापूस मांडीवर ठेवून. म्या म्हटलं, "हो!"

जयवंतानं कपाळाले हात लावला.

मंग बाईनं लोखंडाचा एक चिमटा आपल्या हातावर आपटून गुणगुणत माह्या अंगठ्यावर ठेवला. म्हणे, थरथर कळते? अंगठ्यावर नाई. घोट्यावर नाई. नडगीवर जराशी. गुडघ्यावर आला तेव्हा भुंग्यावानी घुंईई झालं. मी खूश झालो. ती खूश नाई झाली.

म्हणे, "काका, आग थांबली म्हणजे पाय बरा झाला असं नाही. इतकी वर्षं साखर जास्त राहिली की नसा मरत जातात. मरताना त्या ओरडतात, तीच तुमची आग. आता ओरडणंही संपलं. तुमच्या पायांना आता काही कळत नाही. गरम नाही, टोचलेलं नाही, पाय कुठे ठेवलाय तेही नाही. रोज डोळ्यांनी पाय पाहायचे, अनवाणी फिरायचं नाही, शेकायचे तर मुळीच नाहीत. नाहीतर पाय कापायची पाळी येईल."

मले हासू आलं, आपल्या सवयीनं. कोणी भेव दाखवलं का मले हासू येते.

मंग तिनं विचारलं, "काम काय करता?"

आता पाहा, हे तोंड कसं आहे. डोकं विचार करायच्या आधी म्हणालं, "शेती."

"गाडी वगैरे चालवत नाही ना? या पायांनी चालवू नका."

"बंडी चालवतो. बैलाची."

जयवंता माह्याकडे पाहत राह्यली. येताना आमच्याच डेपोच्या गाडीत बसलो. घरी आल्यावर म्हणे, "अवो, त्या गाडीत लोकं बसतात." एवढंच. म्या म्हटलं, मले माहीत नाई का, मीच तर नेतो त्याईले.

१७ फेब्रुवारी, शनिवार. घरी

टाचेसाठी घेतलेली सुट्टी संपली. टाच भरली. जयवंतानं रोज धुतली, रोज पट्टी केली, अन् रोज आरसा खाली धरून मले माहे तळवे दाखवले. आपले तळवे म्या असे कधी पाह्यले नव्हते. भेगा भल्ल्या पडल्या. गोळी आता ती हातावर ठेवते अन् गिळेपर्यंत जागची हालत नाई. लघवी हिरवी आली. हिरवं म्हणजे सिग्नल मिळाला, म्या म्हटलं. हासली नाई.

आज वर्षाची तपासणी होती. डोळे एक नंबर, कान एक नंबर, हातापायात ताकद भरपूर. पायाले काही कळते का हे कोणी विचारलं नाई, म्या सांगितलं नाई. फिट! बंडूजीले बी जाऊन सांगितलं, अन् त्या नादात बोलणं सुरू झालं.

मी विचार केला आहे. गाडी चालवणं हे काही निस्तं पायाचं काम नाई. डोळे आहेत, हात आहेत, एवढ्या वर्षांची अक्कल आहे. पाय निस्ते खाली दाबायचे. दाबायची ताकद तर आहे ना? अन् मले उतरवलं तर मी करू काय? स्टेरिंग सोडून मले काही येत नाई. जगात रूपराव ढोले म्हटलं का कोणाले काही समजत नाई, पण "रोहण्याच्या मुक्कामी गाडीचा ड्रायवर" म्हटलं का शेंबडं पोट्टंही सांगते. हे सारं त्या लहानशा पोरीले कापसाच्या बोळ्यावर कसं कळीन?

२१ फेब्रुवारी, बुधवार. रोहणा

युक्ती सापडली. पाय कुठी आहे ते पायाले नाई कळत ना, मंग डोळ्यानं पाहायचं. वळण आलं का खाली एक नजर, पाय ब्रेकवर, बस. पुन्हा रस्त्यावर. सवय झाली तर काहीच नाई.

हरिदास आजकाल मागं तिकिटं लवकर उरकते अन् पुढं येऊन बोनटपाशी उभा राहते. "उस्ताद, बंडी." "उस्ताद, म्हैस." "उस्ताद, पुढं पूल." म्या म्हटलं, मले दिसते बे, मी आंधळा आहो का? म्हणे, "तुम्ही खाली पाहता तेव्हा मी वर पाहतो."

२६ फेब्रुवारी, सोमवार. घरी

लिहावं का नाई हा विचार संध्याकाळपासून करून राह्यलो.

सकाळची फेरी. गाडी गच्च भरलेली. आर्वीच्या कापूस बाजारापाशी रस्त्याच्या कडेनं कापसाच्या बंड्याईची भल्ली मोठी लाइन लागली होती. बैलं सोडून बाजूले बांधलेले, माणसं कापसावरच गोधड्या घेऊन झोपलेले. मी हळूच होतो. एक बंडी लाइन सोडून रस्त्यात आली होती, ती मले दिसली. हरिदास म्हणाला बी, "उस्ताद, बंडी." ब्रेक दाबला.

गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरून पुढं गेली अन् नाकासकट कापसात घुसली.

बस, पांढरंच पांढरं. काचेवर कापूस, बोनटावर कापूस, बायाईच्या डोक्यात कापूस. बंडी आडवी झाली. बंडीवर झोपलेला म्हातारा कापसासंगंच खाली आला अन् ढिगातून उठून बसला, मिशा पांढऱ्या फटक, अन् पहिला शब्द काय, तर "माहा नंबर आला का?" सारी गाडी हासली. कोणाले खरोच नाई. लक्ष्मणराव त्याचं नाव, रोहण्याचाच. अन् उलटे त्यानंच मले हात जोडले, कारण रात्री लाइन तोडून बंडी पुढं घातलती ती त्यानंच. म्हणे, "रूपरावजी, माहीच चुकी, बोभाटा करू नका, नंबर जाईन." माह्या गाडीतल्या लोकाईनं उतरून त्याचा कापूस भरून देल्ला. कंट्रोलरले हरिदासनं सांगितलं, बैल आडवा आला. साहेब म्हणाले, रूपराव होता म्हणून निभावलं.

बंडूजीनं ब्रेक तपासले. ब्रेकले काही झालं नाई.

सारे खूश आहेत. मी बी हासत होतो. घरी येऊन जेवायले बसलो अन् ताट तसंच राह्यलं. म्या ब्रेकच दाबला होता. मी देवापुढं शपथ घेऊन सांगीन का ब्रेकच होता. अन् त्या बंडीच्या पलीकडे चहाची टपरी होती, बाकड्यावर माणसं बसले होते, एक बाई लेकराले दूध पाजत होती. बंडी तिथी नसती तर—

जयवंताले सांगितलं. सारं नाई. तिनं ताट उचललं अन् म्हणे, "मी बोलणार नाई. तुमचं तुम्हीच बोला."

२७ फेब्रुवारी, मंगळवार. रोहणा

गाडी लावली. लोकं उतरून घरी गेले. अजून उजेड होता. म्या इंजिन बंद केलं अन् हरिदासले म्हटलं, "इकडं ये. खाली बस. मी डोळे मिटतो. तू माहा उजवा पाय उचल अन् कुठीही ठेव. ब्रेकवर ठेव, एक्सलेटरवर ठेव. मी सांगतो कुठी आहे."

"सोडा ना उस्ताद. शकुबाई वाट पाहून राह्यली."

"बस म्हटलं ना."

तो बसला. म्या डोळे मिटले. ह्या टाइमाले खरे मिटले, दवाखान्यासारखे नाई.

"ब्रेक," म्या म्हटलं.

"बरोबर."

"आता एक्सलेटर."

"बरोबर."

मले धीर आला. जीव असा हलका झाला का काय सांगू. म्या म्हटलं, पाहा, ती पोरगी काय म्हणत होती अन् माहा पाय काय म्हणते. "पुन्हा ठेव. हां. हा ब्रेक."

"एकदम बरोबर, उस्ताद."

पण त्याचा आवाज फाटला. म्या डोळे उघडले.

पाय कोणत्याच पेडलवर नव्हता. खाली बसलेल्या हरिदासच्या मांडीवर होता, अन् त्यानं तो दोन्ही हातानं धरून ठेवला होता. पहिल्यापासून तिथीच होता. खाकी पँटवर पाणी पडत होतं, त्याच्या डोळ्याचं.

म्या पाय तिथीच राहू देल्ला. मंग म्या विचारलं, "केव्हापासून माहीत आहे तुले?"

"चप्पल पहिल्यांदा गेली तेव्हापासून. तुम्ही चप्पल सोडून चालत गेले, तुम्हाले कळलंच नाई. मी मागंच होतो."

"मंग बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो तर तुम्ही उतरले असते."

"अन् उतरलो असतो तर?"

"तर मी घंटी कोणाले मारू?"

म्या त्याले एक शिवी देल्ली. चांगली मोठी. जन्मात देल्ली नाई अशी. मंग आम्ही दोघंही लहान पोट्ट्यावानी रडलो, अन् शकुबाई जेवायले बोलवायले आली तर म्या सांगितलं, कांदा कापून राह्यलो. गाडीत कांदा कुठून आला हे तिनं विचारलं नाई. चांगली बाई आहे.

सकाळची फेरी मी नेणार नाई. हरिदास आर्वीले निरोप धाडून राह्यला.

१ मार्च, गुरुवार. घरी

साहेबाईपुढं उभा राह्यलो. साहेब म्हणाले, "रूपराव, तुमचे कागद साफ आहेत. तपासणीत फिट आहात. सोमवारचा मामला मिटला. मग काय झालं?"

म्या म्हटलं, "साहेब, मले गाडी चालवता येत नाई."

हे वाक्य म्हणायले फार वेळ लागला. एवढी वर्षं आर्वी डेपोत कोणी म्हटलं असतं का रूपरावले गाडी चालवता येत नाई, तर म्या त्याचे दात पाडले असते.

मंग सारं सांगितलं. कापसाचा बोळा, एक डोळा उघडला ते, शेती म्हटलं ते. साहेबाईनं खुर्ची देल्ली. म्हणाले, पुन्हा मोठ्या डॉक्टरकडून तपासू, बसून करायचं काही काम पाहू. पाहोत. आज तरी मले काही ऐकू येत नव्हतं. बाहेर आलो तर बंडूजी माह्या गाडीच्या चाकापाशी उभा. म्हणे, "क्लच चांगलाच होता ना मंग?" म्या म्हटलं, "हाव गा. क्लच चांगलाच होता." त्यानं माहा हात धरला अन् काळ्या ग्रीसचे पाची बोटं मनगटावर उमटले. धुतले नाई अजून.

जयवंतानं आज सोता होऊन वरणावर तूप वाढलं. म्या म्हटलं, साखर वाढीन. म्हणे, तुपानं नाई वाढत, खा चुपचाप.

१८ मार्च, रविवार. घरी

धुळवड झाली. शकुबाईनं दोघाईले जेवायले बोलावलं होतं, म्हणून आज जयवंतासंगं रोहण्याले गेलो. प्रवासी म्हणून! तिकीट काढतो म्हटलं तर हरिदासनं ऐकलं नाई. मंग जयवंतानं त्याले असं दटावलं का त्यानं गपचूप दोन तिकिटं फाडली.

पुढच्या सीटवर बसलो. पायात आता बूट आहेत, दवाखान्यातून सांगितल्याप्रमाणे मऊ, अन् मोजे. नवरदेवावानी दिसतो. नवे ड्रायवर महादेवराव, चांगला माणूस आहे, बूट घालूनच चालवते. मले वाटलं होतं की मी जळीन. जळलो. आर्वीचा स्टँड सुटेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राह्यलो. हरिदासनं घंटी मारली तेव्हा तर मी उठतच होतो, जयवंतानं धोतराचा सोगा धरून बसवलं.

मंग वाटेत मन रमलं. महादेवरावाचा गिअर कसा पडते, गाडी कशी बोलते, ऐकत होतो. एक बाई कोंबडी घेऊन चढली, तिच्या कोंबडीचं अर्धं तिकीट का पूर्ण यावर हरिदासनं अख्ख्या गाडीले हासवलं. मी बी हासलो. खरंच हासलो.

रोहण्याच्या अलीकडे नाल्यापाशी मोठं वळण आहे. तिथी पोहोचलो तर जयवंता कानापाशी म्हणे, "अवो, काय करून राह्यले? पाय उचला ना."

खाली पाहतो तर माहा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर असा दाबून धरलेला, का बुटाचं टोक वाकलं होतं. पिंढरी दगडावानी ताठ. केव्हापासून दाबत होतो कोण जाणे. प्रत्येक वळणाले दाबलं असन. मले काही पता नव्हता.

गाडी हळू झाली, वळणावरून व्यवस्थित गेली. महादेवरावानं ब्रेक बरोबर जागी लावला होता. मी पाय उचलायले गेलो, पण पुढचा पूल दिसला अन् तो पुन्हा खाली गेला.

जयवंतानं पिशवी मांडीवर ओढली, पिशवीआडून माह्या गुडघ्यावर हात ठेवला, अन् चारचौघात कधी हातही न लावणाऱ्या ह्या बाईनं तो रोहणा येईपर्यंत काढला नाई. गुडघ्यावरचं मले अजून सारं कळते.